विश्वेश्वरय्यांची पाणीपाळी

दरवर्षी 15 सप्टेंबरला इंजिनिअर्स डे साजरा होतो. म्हैसुरी पगडीतल्या त्या फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात, समोसे होतात आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढच्या सप्टेंबरपर्यंत कपाटात जाऊन बसतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या पुस्तकात ते 'मोठं धरण बांधणारे इंजिनिअर' म्हणून दोन ओळींत संपले होते. पण मित्रांनो, हा माणूस फक्त धरणं बांधणारा नव्हता. असलेलं पुरवून कसं वापरायचं, हे त्याने आपल्याच पुणे जिल्ह्यात करून दाखवलं. लाईट गेली की नुसती बोंब मारणाऱ्या आपल्या पिढीने हे वाचायलाच हवं, असं मला वाटतं.

त्यांचा जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लहानपणीच गेले. बंगलोरला शिकवण्या करून त्यांनी शिक्षण घेतलं. मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये! 1883 च्या परीक्षेत पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. नाशिक, खानदेश, सिंधमधलं सक्कर अशी कामं करत करत ते पुण्याच्या पाटबंधारे खात्यात पोचले.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळेच सांगतात. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि स्वतःच्या कामाला स्वतःची! गोष्ट छान आहे, पण हीच गोष्ट चाणक्याच्या नावावरही सांगितली जाते. म्हणून ती बाजूला ठेवते. त्यांचं खरं काम त्याहून भारी आहे.

पहिलं काम खडकवासल्याचं. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुण्याला पाणी कमी पडायचं. सरळ उपाय म्हणजे धरणाची उंची वाढवा. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दार उघडणार, पुराचं पाणी निघून गेलं की बंद होणार. धरण तेवढंच, साठा मात्र जास्त. 1903 च्या सुमारास बसवलेल्या या दरवाजांचं त्यांनी पेटंटही घेतलं.

दुसरं काम मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. 1899 च्या सुमारास नीरा कालव्यावर वेगळीच अडचण होती. कालव्याला पाणी होतं, पण वरच्या अंगाचे शेतकरी उसाला हवं तेवढं सोडायचे. जमिनी पाणथळ व्हायच्या आणि टेलच्या गावांपर्यंत पाणी पोचायचंच नाही. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे ब्लॉक पाडायचे. ब्लॉकच्या एका हिश्श्यातच ऊस घ्यायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि उसाची जागा फिरती ठेवायची. पाणी ठरलेल्या पाळीनेच सोडायचं. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला. साहजिकच आहे, मिळतंय ते कोण सोडणार? पण विश्वेश्वरय्यांनी त्यांच्याशी बोलून, समजावून ती पद्धत रुजवली. पाणी थेंबभरही वाढलं नाही, पण जास्त गावांना पुरलं. आपण थर्ड इयरला ज्याला 'डिमांड साईड मॅनेजमेंट' म्हणतो, ते याहून वेगळं काय असतं?

1908 मध्ये त्यांनी इथली नोकरी सोडली. 1909 मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि 1912 ते 1918 दिवाण. तिथे गाठ पडली विजेशी. कावेरीवरच्या शिवसमुद्रमहून 1902 पासून सुमारे दीडशे किलोमीटर लांबच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जात होती. पण उन्हाळ्यात नदी आटली की वीजही आटायची. कृष्णराजसागराचं काम 1911 मध्ये सुरू झालं, त्याचं एक मोठं कारण हेच होतं. पावसाळ्यातलं पाणी साठवून बारा महिने वीज मिळावी. म्हणजे निर्मिती वाढवायलाही त्यांचा विरोध नव्हता. पण आधी वाया जाणारं थांबवा, वाटप नीट लावा आणि मग नवीन बांधा, हा क्रम त्यांच्या कामात दिसतो.

आता आपल्या भागाकडे बघू. जुन्नर-आंबेगावला कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत: डिंभे, वडज, माणिकडोह, येडगाव आणि पिंपळगाव जोगे. पाण्याला आवर्तन आहे, तसंच शेतीच्या विजेलाही. थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जायचं, आणि त्याच उसात बिबट्या! दिवसा लाईट द्या ही इथली मागणी किती जुनी आहे आणि ती का आहे, हे मुंबईहून आलेल्या मित्रांना सांगायला हवं. 2017 मध्ये सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना नेमकी याच्यासाठी आहे.

दुसरा घोळ ऑटो स्विचचा. लाईट आली रे आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू! सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो, मग आठवडाभर कोणालाच पाणी नाही. प्रत्येकाने पाच-पाच मिनिटं मागेपुढे मोटार चालू केली तर? नीरा कालव्याचंच गणित आहे हे.

आणि हे जमतं! 2005 नंतरच्या भारनियमनाच्या काळात महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली. गावाने एकत्र ठरवायचं की संध्याकाळच्या पीक अवरला मोटारी, गिरण्या बंद ठेवायच्या. बदल्यात घरातले दिवे चालू राहणार. कितीतरी गावांनी हे करून दाखवलं. दहावीचा अभ्यास त्या उजेडात झाला.

मग होस्टेलने काय करायचं? सकाळी सात वाजता शंभर खोल्यांत 1000 वॅटची कॉइल लागली (रेक्टर सरांनी हा परिच्छेद सोडून द्यावा!) तर 100 किलोवॅट लोड होतो. पाच एचपीच्या सुमारे 27 मोटारींएवढा! दोन मजल्यांनी पाळी लावली तर लोड निम्मा. युनिट तेवढेच जळतील, पण ट्रान्सफॉर्मर वाचेल. युनिट वाचवायचे तर कॉरिडॉरमधले दिवसाढवळ्या जळणारे दिवे आणि रिकाम्या लॅबमधले पंखे आहेतच. त्यासाठी पाळीसुद्धा लागत नाही, फक्त बोट लागतं.

विश्वेश्वरय्यांना 1955 मध्ये भारतरत्न मिळालं. शंभरी पाहून एप्रिल 1962 मध्ये ते गेले. त्यांच्यासारखं धरण बांधायची संधी आपल्यापैकी फार थोड्यांना मिळेल. पाळी लावायची संधी मात्र प्रत्येक मजल्यावर आहे. आमच्या विंगमध्ये दारामागे वेळापत्रक चिकटवलंय. सहा ते साडेसहा पहिला मजला, साडेसहा ते सात दुसरा. भांडणं होतात, पण फ्यूज उडत नाही.