मित्रांच्या कसोटीवर घडलेला मिल

अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉन स्टुअर्ट मिल हे नाव नवे नाही. आगरकरांच्या विचारांवर मिल आणि स्पेन्सर यांचा ठसा होता, त्यामुळे मराठी वाचकालाही ते परके वाटत नाही. पण मिलच्या चरित्रात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याच्या विद्यार्थिदशेचा भाग.

मिलचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. तो शाळेत कधी गेला नाही. वडील जेम्स मिल यांनीच त्याला घरी शिकविले. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र असा तो क्रम होता. तेराव्या वर्षी, रोज फिरायला जाताना वडील अर्थशास्त्रातील एकेक विषय समजावून सांगत. दुसऱ्या दिवशी मुलाने तो लिहून दाखवायचा आणि लिखाण नेमके होईपर्यंत पुनःपुन्हा लिहायचा. हीच टिपणे वडिलांना १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथासाठी उपयोगी पडली. मात्र इतर मुलांत मिसळण्याची त्याला मुभा नव्हती. चूक दाखविणारे एकटे वडील, आणि त्यांचा शब्द अखेरचा.

१८२३ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीस लागला. त्यानंतर दोनएक वर्षांनी त्याने काही तरुणांसह एक अभ्यासमंडळ सुरू केले. पुढे ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोटने थ्रेडनीडल स्ट्रीटवरील आपल्या घरातील खोली त्यांना दिली. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी साडेआठ ते दहा, दहाबारा जण तेथे जमत आणि मग आपापल्या कामावर जात. त्यांनी पहिले पुस्तक निवडले ते जेम्स मिल यांचेच! लहानपणी ज्याची टिपणे काढली, तोच ग्रंथ आता मित्रांच्या शंकांना तोंड देत होता.

रीत साधी होती. एकाने प्रकरणाचा काही भाग मोठ्याने वाचायचा. मग ज्याला जो आक्षेप सुचेल, तो कितीही किरकोळ असो, त्याने मांडायचा. सर्वांचे समाधान झाल्याखेरीज पुढे जायचे नाही. एकेका मुद्द्यावर कित्येक आठवडे चर्चा चाले. मधल्या दिवसांत प्रत्येकजण नव्या अडचणीवर उत्तर शोधून येई. पुढे रिकार्डो झाला, मग तर्कशास्त्र झाले. एलिस आणि ग्रॅहॅम नव्या कल्पना मांडण्यात मिलच्या बरोबरीने असत. प्रेस्कॉटचे ज्ञान आणि रोबकची वादपटुता उपयोगी पडे.

आंतरराष्ट्रीय व्यापारातील लाभ दोन देशांत कसा वाटला जातो, याविषयीचा मिलचा सिद्धांत या बैठकांतूनच निघाला; तो १८४४ साली छापला गेला. तर्कशास्त्रावरील त्याच्या १८४३ च्या मोठ्या ग्रंथाची कल्पनाही याच काळातली. आपण स्वतंत्रपणे विचार करू लागलो ते या सकाळपासून, असे आत्मचरित्रात त्याने मान्य केले आहे. वडिलांच्या शिस्तीचे ऋण त्याने कधीच नाकारले नाही, म्हणून या कबुलीला मी अधिक किंमत देतो.

ही सवय त्याला जन्मभर पुरली. स्वातंत्र्यावरील निबंधातील प्रत्येक वाक्य त्याने पत्नी हॅरिएटबरोबर अनेकदा तपासले. १८५८ मध्ये ती वारली. पुढल्या वर्षी निबंध प्रसिद्ध झाला. विरोधी मत ऐकल्यावाचून आपलेही मत आपल्याला पुरते समजत नाही, हा त्यातील विचार मला त्या सकाळच्या बैठकांचेच सार वाटतो. ७ मे १८७३ रोजी फ्रान्समधील अ‍ॅव्हिन्याँ येथे मिलचे निधन झाले.

आपण मात्र वही दाखवितो ती प्राध्यापकांना, तीही गुणांसाठी. मित्राचे लिखाण वाचले तर वाहवा करतो किंवा थट्टा. गुरूने काढलेली चूक आपण मुकाट्याने दुरुस्त करतो. बरोबरीच्याने काढली तर त्याला पटवावे लागते, नाहीतर स्वतःला पटवून घ्यावे लागते. त्या खटाटोपातच विषय आपला होतो. असे मंडळ काढायला ना निधी लागतो, ना ठराव. आठवड्यातील दोन सकाळी, एक रिकामी खोली आणि रागावून न उठणारे चार मित्र मिळाले, तर आपल्या महाविद्यालयातही ते सुरू होऊ शकेल.