दार उघडलं, पण खुर्ची?

भिवंडीच्या कोर्टात आज काळ्या कोटातली बाई दिसली तर कुणी वळूनही पाहत नाही. पण नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, तेव्हा बाई म्हणून ना पदवी मिळाली, ना सनद! तरी १९०४ पासून सरकारी सल्लागार म्हणून त्या पडद्यातल्या विधवांच्या इस्टेटीसाठी झटल्या. पदवी हाती आली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. १९२३ च्या कायद्याने भारतात बायकांना वकिली खुली झाली. कलकत्त्यात त्यांनी सनद घेतली. पण पुरुषी पूर्वग्रहापायी वाट्याला आलं बरंचसं कागदी सल्ल्याचंच काम. १९५४ मध्ये त्या गेल्या. कायद्याने दार उघडलं. बाई वकिलाकडे विश्वासाने केस द्यायची, हे मात्र आपल्याच हातात आहे ना?