गोणपाटावरचा विद्यार्थी

बदलापूर गावी 1927 साली मे महिन्यात शिवजयंतीचा उत्सव झाला व त्याचे अध्यक्षस्थान डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांस देण्यात आले होते, ही गोष्ट उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही शहरांतील किती सुशिक्षितांच्या स्मरणात असेल याची आम्हांस शंका आहे. डॉक्टरांचा पुतळा चौकात असतो, जयंतीस मिरवणूक निघते, आणि त्यांच्या नावापुढे घटनेचे शिल्पकार ही पदवी जोडली की आपले कर्तव्य संपले असे पुष्कळांस वाटते. आज आम्ही त्या घटनाकाराविषयी लिहीत नाही. शाळेत बसावयास ज्याला बाक मिळाला नाही त्या विद्यार्थ्याविषयी लिहितो. कारण शिक्षणहक्क कायद्यान्वये खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस मिळू लागल्यापासून, ही मुले आमच्या मुलांशेजारी कशास, असा प्रश्न बऱ्या स्थितीतील आईबापांच्या तोंडी, व क्वचित दुकानाच्या गादीवरही, आमच्या कानी पडतो. या प्रश्नाचे उत्तर एका आयुष्यक्रमात जितके स्पष्ट मिळते तितके ते युक्तिवादाने मिळणे कठीण.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ हे सुभेदार असून लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते; म्हणजे घरात विद्या होती, शिस्त होती, ग्रंथांची आवड होती. उणीव कशाची होती तर केवळ शेजाऱ्यांच्या माणुसकीची. पेन्शनीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस राहून साताऱ्यास आले आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी या मुलाचे नाव तेथील सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले.

येथे वाचकांस थोडे मागे नेणे अवश्य आहे. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला, ते प्रकरण थेट विलायतेपर्यंत गेले, व 1858 साली असे ठरले की जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशाने चालते ती सर्व जातींच्या प्रजेस खुली असावी. तेव्हा साताऱ्यास भीमरावांचे नाव पटावर चढले यात कायद्याचे काही अडले नाही. परंतु पटावर नाव चढणे निराळे व वर्गात जागा मिळणे निराळे! हा मुलगा घरून गोणपाटाचा तुकडा आणी, त्यावर एका बाजूस वेगळा बसे, व संध्याकाळी तो परत नेई. कारण शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटास हात लावावयास तयार नव्हता. तहान लागली तर नळाची तोटी त्याने स्वतः फिरवावयाची नाही, शिपायाने फिरवावी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. गावचा न्हावी केसांस हात लावीत नसे, म्हणून घरी बहीण ते काम करी. ज्या शाळेत गणित व इतिहास शिकविला जात होता त्याच शाळेत हाही एक विषय दररोज, विनाखंड, शिकविला जात होता, आणि तो केवळ या एका मुलास नव्हे, बाकांवर बसलेल्या इतर सर्व मुलांस शिकविला जात होता. या दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात आल्यावर तरी सुटका झाली काय? परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास, पुस्तकांसाठी वडिलांनी लेकींचे दागिने गहाण टाकावे अशी ओढाताण, आणि वर्गात संस्कृत शिकण्यास बंदी, म्हणून नाइलाजाने फारसी. तथापि 1907 साली ते मॅट्रिक झाले. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांस हाताशी धरले व सयाजीराव गायकवाड महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळुसकर हे मराठा, महाराज राजे. या दोघांचे साहाय्य नसते तर ही बुद्धी एखाद्या गिरणीच्या खात्यात विझून गेली असती. आमच्या व्यापारी वाचकांनी पंचवीस रुपयांच्या या गुंतवणुकीचा परतावा आपल्याच वहीत मांडून पाहावा.

1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अठरा-अठरा तास अभ्यास करणाऱ्या या तरुणास तेथे प्रथमच कोणापासून वेगळे बसावे लागले नाही. परंतु त्याच अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच निराळ्या होत्या, व ते बंधन तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली मोडले. या दोन देशांतील व्यथांचे नाते डॉक्टरांनी ओळखले होते. 1946 साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीय पुढारी डु बॉइस यांस पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावयाच्या अर्जासंबंधी विचारणा केली होती.

परत आल्यावर 1918 साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर कॉलेजांतील विद्यार्थी येऊ लागले. आणि प्राध्यापकांच्या खोलीत? तेथील पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घेऊ नये अशी काही सहकाऱ्यांची हरकत! साताऱ्याची तोटी आणि मुंबईचे भांडे यांत अठरा वर्षांचे अंतर व परदेशची उच्च पदवी होती; पाणी मात्र तेच.

1927 च्या फेब्रुवारीत ते मुंबई कायदे कौन्सिलात आले. 12 मार्च रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्यावर जाण्याच्या आठवडाभर आधी, शिक्षणखर्चावर त्यांनी जे भाषण केले ते प्रत्येक शाळाचालकाने वाचावे असे आहे. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथ्या इयत्तेस पोहोचतात, म्हणजे बाकीच्यांवरील खर्च पाण्यात जातो, हे त्यांनी दाखविले. कॉलेजशिक्षणाचे आकडे त्याहून बोलके होते: दर दोन लक्ष लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे हजार विद्यार्थी, मुसलमानांचे बावन्न, मध्यम वर्गाचे चौदा, आणि मागासलेल्यांचे शून्य. अबकारी खात्यातून सरकार लोकांकडून जितके घेते तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्चावे, ही त्यांची मागणी साधी व्यापारी न्यायाची होती.

त्यांनी केवळ मागितले नाही, उभारलेही. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईस सिद्धार्थ कॉलेज, 1950 साली औरंगाबादेस पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले कॉलेज. व्हाइसरॉयच्या मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी तीन लक्ष रुपये त्यांनी मंजूर करून घेतले. 1951 साली मद्रासच्या कॉलेजप्रवेशासंबंधीच्या निकालामुळे राखीव जागांवर संकट आले, तेव्हा ते कायदेमंत्री होते, व घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने ती अडचण दूर झाली. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे देहावसान झाले.

उल्हासनगरच्या सिंधी बंधूंस आम्ही विशेष आदराने विनवितो. फाळणीनंतर कल्याण कॅम्पाच्या बराकींत रिकाम्या हाताने आलेल्या या लोकांनी उद्योग उभारले, आणि 1965 साली येथे चांदीबाई कॉलेजही निघाले. उपरा म्हणून हिणविले जाण्याचे दुःख ज्यांच्या आजोबांनी सोसले त्यांस हे चरित्र परके वाटू नये. राखीव पंचवीस टक्क्यांस बगल देणारा नियम राज्य सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत केला होता. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेस सूट, असा. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द ठरविला. तेव्हा पटावरील नाव पुनश्च सुरक्षित झाले आहे. परंतु डब्याच्या वेळी त्या मुलाशेजारी कोण बसते, सहलीच्या फीकरिता त्यास वर्गासमोर उभे करतात काय, हे कोणत्याही न्यायालयास दिसत नाही. ते आईबापांनी आज रात्री जेवताना आपल्याच मुलास विचारावे. साताऱ्याच्या त्या शाळेच्या रजिस्टरात 1914 या क्रमांकापुढे त्या विद्यार्थ्याची सही अद्याप आहे, आणि राज्य सरकारच्या ठरावाप्रमाणे 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून शाळाशाळांतून पाळला जातो.