मेस्त्रींचा कॅमेरा

विकत मिळत नाही, मग घरीच करू, असे म्हणणारी माणसे लोणच्या-पापडाच्या बाबतीत घरोघर सापडतात. सिनेमाच्या कॅमेऱ्याबाबत असे म्हणणारे दोघे भाऊ मात्र कोल्हापुरातच निघाले. एक आनंदराव, दुसरे बाबूराव. आडनाव मेस्त्री, पण नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता लोकांनी त्यांना पेंटर करून टाकले.

बाबूराव जन्मले ३ जून १८९० रोजी. घराणे कारागिरांचे, शाळेतले शिक्षण जेमतेम. आनंदराव हे त्यांचे नात्यातले बंधू. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघांना रंगवलेला पडदा पुरेना. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा जुना प्रोजेक्टर मिळवून त्यांनी त्याचे पोट उघडले. हँडल फिरवले की फिल्म पुढे सरकते, क्षणभर थांबते, चित्र उमटते, पुन्हा सरकते. सेकंदाला साधारण सोळा वेळा. सरकणे जमते, अवघड असते ते नेमके थांबणे. तेवढ्यात १९१६ साली आनंदराव गेले. अर्धवट यंत्र आणि बंधूचे स्वप्न बाबूरावांच्या पदरात पडले. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ साली कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. एका गाणाऱ्या बाईने त्या काळी असल्या धंद्यात पैसा घालावा, याचे मोल आपण अजून नीट केलेले नाही.

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन थिएटरात लागला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्या काळच्या फिल्मला लाल रंग काळा दिसे आणि निळे आभाळ पांढरेफटक. रंगांत वाढलेल्या या माणसाला सगळा हिशेब करड्या छटांत मांडावा लागला. पुढे १९३३ साली प्रभातने हाच विषय रंगीत केला, प्रतींवर जर्मनीत संस्कार करून घेतले. पण रंग भडक उतरले आणि चित्रपट पडला. पैसा आणि परदेशी प्रयोगशाळा असूनही जे साधले नाही, त्यावरून बाबूरावांच्या डोळ्याची किंमत कळते.

माझ्या मते त्यांचे मोठे काम मात्र पौराणिक नव्हे. ते म्हणजे १९२५ चा ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण शांताराम. देवदेवतांच्या गर्दीत कुळाचे दुःख पडद्यावर आणायला धैर्य लागते. अंधारातली एक झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे, एवढे एकच दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले. आवाज नसताना! आमच्या सिरोंच्यात एकाच ओसरीवर तेलुगू आणि मराठी बोलली जाते. त्या झोपडीचा अर्थ इथे कोणालाही दुभाष्यावाचून कळला असता. आणि कर्जाच्या फायली चाळण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला तर तो जास्तच कळतो. गहाणखतावरचा अंगठा मी पुष्कळ पाहिला; त्यामागचे घर फायलीत दिसत नाही.

लोकांनी मात्र या चित्रपटाला पौराणिकांइतके डोक्यावर घेतले नाही. त्यांना मायाबाजार हवा होता.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात काढली. बाबूराव कामात अतिशय चोखंदळ, वेळापत्रकाला न जुमानणारे. शिष्यांना घाई होती, आणि ती चुकीची म्हणता येत नाही. बोलपट आला, कंपनी मिटली. १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ बोलपटात पुन्हा केला. पुढे शांतारामांनी त्यांना ‘लोकशाहीर राम जोशी’साठी बोलावले, पण १९४७ चा तो चित्रपट पुरा केला शांतारामांनीच. गुरू पुन्हा कुंचल्याकडे आणि मूर्तिकामाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच ते वारले.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. चटकन पेट घेणारी, न पेटली तरी डब्यात विरघळणारी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, बाबूरावांना जाऊन दहा वर्षे झाल्यावर. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही.