थिसॉरसवाले डॉक्टर रोझे

नववीत इंग्रजीच्या बाई ‘गुड’, ‘नाइस’ला लाल गोल करायच्या आणि चांगला शब्द शोधायला थिसॉरसकडे पाठवायच्या. ते पुस्तक रचणारे पीटर मार्क रोझे भाषेचे प्राध्यापक नव्हते, डॉक्टर होते, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

जन्म १७७९, लंडन. वडील लवकर गेले, पुढे आईचं मनही थाऱ्यावर राहिलं नाही. एकोणिसाव्या वर्षी एडिंबरोहून डॉक्टर झाले. १८०५ मध्ये मँचेस्टरला रुग्ण तपासता तपासता त्यांनी स्वतःच्या लिखाणासाठी एक वही केली. शब्दकोशात शब्दावरून अर्थ सापडतो. इथे उलट, अर्थ मनात धरून शब्द शोधायचा. (मला तर तो डेटाबेसच वाटतो!) १८१८ मध्ये वडिलांसारखे जपणारे मामा सॅम्युअल रोमिली यांनी पत्नीच्या मृत्यूनंतर आत्महत्या केली. उपचार करणाऱ्या रोझेंना त्यांना वाचवता आलं नाही. याद्या करणं हा त्यांचा आसरा होता, असं म्हणतात. मला पटतं.

घात आणि मुळं काढायची लॉग-लॉग स्लाइड रूलही त्यांचीच, म्हणजे आम्हा इंजिनिअरांवरही उपकार! रॉयल सोसायटीचं सचिवपद अनेक वर्षं सांभाळून मोकळे झाल्यावर त्यांनी जुनी वही पुन्हा काढली. १८५२ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, ती छापून आली. एक हजार कल्पना, विरुद्ध अर्थाच्या समोरासमोर.

१८६९ मध्ये नव्वदीत गेले, तोवर त्यात नव्या शब्दांची भर घालणं चालूच होतं.