शाहू छत्रपती आणि त्यांचा खंड्या

शिवछत्रपतींचे नातू व संभाजीराजांचे पुत्र शाहू महाराज यांचे नाव पेशव्यांच्या पराक्रमाच्या तेजात काहीसे झाकले गेले आहे. बाजीरावाच्या स्वाऱ्या आपण आवडीने वाचतो; परंतु ज्यांनी त्या विसाव्या वर्षातील तरुणाच्या हाती १७२० साली पेशवाईची वस्त्रे दिली, त्या धन्याविषयी आपल्याला फारच थोडे ठाऊक असते. म्हणून यंदाच्या अंकासाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले आहे. त्यात एका कुत्र्यालाही मानाचे स्थान आहे.

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावनजीकच्या गांगोली येथे झाला. त्यांचे बालपण आणि आपला प्रदेश यांचे नाते जवळचे आहे. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवालयाचा त्यांच्या आजोबांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला होता. शाहू पाळण्यातून नुकते उतरत होते त्या सुमारास, म्हणजे १६८३ साली, औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर डिचोलीत, म्हणजे जुन्या भतग्रामात, राहत होता आणि संभाजीराजे पोर्तुगीजांशी झुंजत होते.

ते सुख अल्पकाळ टिकले. १६८९ च्या आरंभी संभाजीराजे पकडले गेले व त्यांचा क्रूर वध झाला. त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या छावणीत कैदी झाले. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांचा ममतेने सांभाळ केला, हे खरे. तरीही परक्यांच्या डेऱ्यांत, परकी भाषा ऐकत, कोणाचा चेहरा कधी बदलेल याचा अदमास घेत जवळजवळ अठरा वर्षे काढणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी स्वतःच करावी. शाहूंच्या स्वभावात पुढे जो सौम्यपणा दिसतो, शत्रूलाही तोडून टाकण्यापेक्षा जोडून घेण्याची जी वृत्ती दिसते, तिचे मूळ आम्हांला या छावणीत सापडते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली त्यांची सुटका झाली. महाराणी ताराबाईंच्या फौजेशी खेड येथे लढाई होऊन शाहूंची सरशी झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला. वाडीकर खेम सावंतांनी शाहूंचा पक्ष घेतला, तेव्हा शाहूंनी त्यांचा मुलूख त्यांच्याकडे कायम केला. पेडणे तेव्हा याच सावंतांच्या राज्यात होते. ते पोर्तुगीजांकडे गेले ते फार पुढे, १७८८ साली.

राज्याची दगदग पेशव्यांनी उचलल्यावर महाराजांना आपले छंद जोपासण्यास सवड मिळाली. शिकार, मासेमारी, पशुपक्षी यांची त्यांना अतिशय आवड. श्वानांचा छंद हा आपल्याकडील राजांचा जुनाच होय. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात कुत्र्यांच्या विनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि या सोमेश्वराची बहीण मैलालदेवी ही गोव्याचा कदंब राजा जयकेशी दुसरा याची राणी होती.

शाहूंच्या कुत्र्यांमध्ये खंड्या हा सर्वांत लाडका. हे नाव ऐकताच खंडोबाची आठवण होते, कारण खंडोबाच्या मूर्तीत घोड्यासोबत कुत्राही असतोच. आमच्या पेडण्याकडे कुत्र्याला सुणे म्हणतात, पण कित्येक घरांच्या अंगणात त्याला काही नावच नसते! नावावाचून शिक्षण कसे व्हावे? पिल्लाला पहिला धडा द्यावयाचा तो त्याच्या नावाचाच. नाव उच्चारले की जवळ यावे आणि जवळ आल्यावर घास किंवा पाठीवर थाप मिळावी, मार कधीही नाही. बोलावून आणून ज्याला मारले, ते पिल्लू दुसऱ्या खेपेस येत नाही. शिकारी कुत्र्याचे शिक्षण तर याहून अवघड. घोड्यांच्या टापा, हाकाऱ्यांचा गलका, ढोलांचा आवाज यांना त्याने बुजता कामा नये. वाटेत शेळी दिसली तरी तिच्यावर धावता कामा नये. आणि वाघाच्या वासाने धन्याला सोडून पळता कामा नये.

हे धैर्य जन्मतःच येते, असा पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवडे माणसांच्या सहवासावाचून वाढविली. पुढे ती रानटी जनावरांसारखी भित्री झाली व माणसाळविणे अतिशय कठीण गेले. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ हाच पिल्लाला माणसांची, मुलांची, इतर प्राण्यांची आणि निरनिराळ्या आवाजांची हळूहळू ओळख करून देण्याचा काळ होय. दिवाळीच्या सुमारास आपल्या गावांतून रस्त्याकडेला पिल्ले दिसू लागतात. मुले एखादे हौसेने घरी आणतात, आठ दिवस लाड होतात, मग ते गोठ्यात साखळीला बांधले जाते, आणि मोठे होऊन अंगावर येऊ लागले की कोणीतरी त्याला दूरच्या बाजारात सोडून येतो. त्यात दोष पिल्लाचा किती व घरच्यांचा किती, हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला रेबीजची लस टोचून घेणे हेही घरच्यांचेच काम.

असो. एकदा वाघाच्या शिकारीत महाराजांच्या प्राणांवर बेतले असता कुत्र्याने त्यांना वाचविले. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला आणि त्या पालखीचा सरंजामही चालू ठेवविला. एका दरबारात तर त्याला जरीची वस्त्रे व रत्ने घालून स्वतःचे पागोटे त्याच्या मस्तकी ठेवले. हे सर्व ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने १८२६ साली नमूद केले आहे. महाराजांनी पुढे डोक्याला काहीच घातले नाही, असेही तो लिहितो. डफला हा सारा लहरीपणा वाटला. पागोट्याच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्या काळी एकेका सनदेसाठी सरदार वर्षानुवर्षे भांडत आणि पक्ष बदलीत, त्या काळी काही न मागता जिवावर उदार झालेल्या सेवकाची राजाने बूज राखली, तर त्यात वेड ते कोणते? शिवाय, ज्यांचे बालपण शत्रूच्या छावणीत गेले, त्यांना न बदलणाऱ्या निष्ठेचे मोल अधिक कळले असावे, असे आम्हांला वाटते.

महाराजांची अखेरची वर्षे कष्टात गेली. औरस पुत्र नव्हता आणि राण्यांचे तंटे मिटत नव्हते. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास त्यांचे देहावसान झाले. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर, माहुली येथे, नदीच्या पात्रात त्यांची समाधी आहे. तेथेच जवळ दगडात कोरलेला एक कुत्रा बसलेला आहे. गावकरी त्याला खंड्याची समाधी म्हणतात.