कोटितीर्थाच्या काठी

पुतण्यानं बदलापुरात फ्लॅट घेतला. हॉलच्या भिंतीसाठी एखादी सीनरी हवी, म्हणून त्याच्याबरोबर उल्हासनगरला गेलो. फ्रेमवाल्यानं गठ्ठाच पुढ्यात टाकला. कुठल्या तरी परदेशातलं अफाट गवताळ माळरान, वर ओल्या जलरंगाचं आभाळ. सगळं छापील. मी सहज विचारलं, आबालाल रहिमानांचं कोटितीर्थ आहे का? दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. पुतण्यालाही ते नाव ठाऊक नव्हतं.

आबालालांचा जन्म कोल्हापुरातला, १८६० च्या आसपासचा. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती, त्यामुळे हाताला वळण लागलं ते लेखणीचं. अरबी-फार्सी घरचीच. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला ते भाषा शिकवत. तिनं या मुलाचं रेखाटन पाहिलं आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी झाली, असं सांगतात. तिथं १८८८ च्या सुमारास व्हाइसरॉयचं पदक मिळालं. इतकं झाल्यावर माणूस मुंबईत राहतो. आबालाल कोल्हापूरला परतले.

पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. महाराजांच्या शिकारीची, हत्तींची चित्रं त्यांनी काढली, पण जीव रमला तो कोटितीर्थाच्या तळ्याकाठी. तेच तळं, तेच देऊळ, तीच झाडं. सकाळची, भर दुपारची, तिन्हीसांजेची. लहान लहान फटकाऱ्यांनी उजेड कागदावर उतरवण्याची त्यांची रीत पाहून जाणकारांना फ्रान्समधले चित्रकार आठवतात. आबालाल मात्र राहत होते फकिरासारखे. रंग परवडत नसत, तेव्हा पाना-दगडांपासून स्वतःच तयार करत.

त्यांच्याच गावचे धुरंधर १८९० मध्ये जे. जे.त दाखल झाले. त्यांची चित्रं पोस्टकार्डांवर आली, छापली गेली, घरोघर पोचली. आबालालांनी चित्रं काढली आणि ठेवून दिली.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. तरुणपणी ही हकिगत ऐकली तेव्हा मी भारावून गेलो होतो. माझ्या एका कच्च्या कादंबरीत असा एक चित्रकारही होता. आता भारावत नाही, चिडतो. बँकेत हयात घालवलेला माणूस मी. साध्या पत्राचीही ऑफिस कॉपी ठेवायची सवय. त्या चित्रांची कुठेच ऑफिस कॉपी नव्हती! कागद भिजला, रंग पाण्याचेच होते, पाण्यात गेले. कोणी तरी हात धरायला हवा होता. की तो हात धरणारा एकच माणूस होता, आणि तोच गेला होता?

त्यानंतर नऊ वर्षं आबालाल जगले. १९३१ मध्ये वारले. जी चित्रं उरली, त्यांतली काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत.

पुतण्यानं अखेर ते माळरानच घेतलं. वाईट नाही, सोफ्याच्या रंगाला शोभतंही. दिवाळीत तो अंबाबाईच्या दर्शनाला जाणार आहे. टाउन हॉलला कसं जायचं, ते मी त्याला फ्रेमवाल्याच्या पावतीमागे लिहून दिलं आहे.